अख्खं कन्सोल कोण घेतो?

"अख्खं टेबल आता कोण घेतो? मॉड्यूलं काढायची, एकेक पेटीत बसवायची आणि विकायची. दहा स्टुडिओंचं भलं होईल आणि विकणाऱ्याचंही." परदेशात विक्रीला आलेल्या एका जुन्या नीव्ह कन्सोलचे फोटो मी एका रेकॉर्डिस्ट मित्राला दाखवत होतो, तेव्हा तो हे सहज बोलून गेला आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळला. मला मात्र ते सोडवेना. पन्नास वर्षं एका चौकटीत राबलेले भाग केवळ सुटे जास्त भावाला जातात म्हणून सुटे करायचे, हा हिशेब मला तेव्हाही खटकला आणि नंतरही खटकत राहिला. हा लेख त्याच्याशी वाद घालायला म्हणूनच लिहायला घेतला.

मिक्सिंग कन्सोल काय करतं हे सांगत बसत नाही. प्रत्येक गळ्याचा, प्रत्येक वाद्याचा आवाज आपापल्या वाटेने आत येतो, तिथे त्याची पातळी आणि पोत ठरतो आणि मग सगळे एक होऊन बाहेर पडतात, एवढं पुरे. अ‍ॅनालॉग ऊबदार की डिजिटल स्वच्छ, या भांडणातही शिरत नाही. त्यावर दोन्हीकडून पुष्कळ बोलून झालं आहे आणि नीव्हच्या आवाजाची बरी नक्कल करणारी सॉफ्टवेअर आज कुणाच्याही लॅपटॉपवर चालतात. माझा प्रश्न वस्तूचा आहे. एखादं जुनं यंत्र वाचवायचं म्हणजे त्यातलं नेमकं काय वाचवायचं?

नीव्हचं एक मॉड्यूल हातात घेऊन पाहिलं की या प्रश्नाला धरायला जागा मिळते. रूपर्ट नीव्ह यांचा जन्म 1926 सालचा. लहानपण अर्जेंटिनात गेलं, तिथेच रेडिओचा नाद लागला. 1961 साली त्यांनी इंग्लंडमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि 1970 साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठी बांधलेल्या कन्सोलमधून 1073 या क्रमांकाचं मॉड्यूल बाहेर आलं. त्याची दर्शनी पट्टी जेमतेम पावणेदोन इंच रुंद. वर लाल नॉब. माइकचा आवाज किती वाढवायचा ते त्याच्यावर, आणि तो सरसर फिरत नाही. पाच-पाच डेसिबलच्या टप्प्यांनी टक्‌ टक्‌ करत पुढे सरकतो. खाली पोत बदलणारे नॉब. वरच्या पट्टीसाठी 12 किलोहर्ट्झ ही एकच जागा, मधल्या पट्टीसाठी सहा, खर्जासाठी चार. मधल्यामध्ये कुठेतरी थांबायची सोय नाही. वापरणाऱ्याला निवड करावीच लागते. बाजूचा पत्रा काढला की आत सर्किटची कार्डं आणि धातूच्या डबीत बंद केलेले ट्रान्सफॉर्मर दिसतात. शेवटच्या टप्प्यावर बसलेला ट्रान्झिस्टर आहे 2एन3055. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अँप्लिफायर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला कुणीही माणूस त्याला लांबून ओळखेल. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या माइक-अँप्लिफायरमध्ये असा एकही भाग नाही, जो समजावून घेता येत नाही. मला या यंत्राचं सर्वांत मोठं मोठेपण यातच वाटतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी पुढच्या अनोळखी माणसासाठी ते उघडं ठेवलं.

त्या अनोळखी माणसाचं काम मोठ्या चिकाटीचं असतं. पन्नास वर्षांचं कन्सोल घरी आणून थेट वीज सोडायची नसते. आधी 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासायचा, कारण त्यातले कंडेन्सर सुकलेले असले तर प्रत्येक चॅनेलमध्ये हम ऐकू येणार. मग एकेक मॉड्यूल. मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून वाळतात, लहान टँटलमचे अचानक शॉर्ट होऊन शेजारच्या भागालाही घेऊन जातात. स्विचचे चांदीचे संपर्क काळे पडून खरखर करू लागतात. सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकली, तर जुन्या कार्डावरचा तांब्याचा पट्टा सुटून वर येतो आणि दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. हे सगळं पार पडल्यावर प्रत्येक चॅनेलमधून एक किलोहर्ट्झचा सूर सोडायचा आणि पातळी, गोंगाट, विकृती मोजून शेजारच्या चॅनेलशी ताडून पाहायची. सगळी चॅनेलं एका रांगेत येईपर्यंत मागे फिरायचं, पुन्हा उघडायचं.

कंडेन्सर बदलले की मूळ आवाज गेला, असं म्हणणारे शुद्धतावादी आहेत. त्यांच्यासाठी फार थांबायचं कारण नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारा घासून घासून तिचा पृष्ठभाग झिजतो, म्हणून जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. त्यामुळे तानपुरा परका झाला असं कुणी गवई म्हणत नाही. उलट जवारी गेलेला तानपुराच परका वाटतो. कंडेन्सर झिजण्यासाठीच असतो. सुकलेल्या कंडेन्सरचा आवाज हा नीव्ह यांनी बांधलेला आवाज नाही, त्यावर काळाने चढवलेला थर आहे.

पण हाच तानपुरा मला मित्राशी भांडायला जे हत्यार हवं होतं तेही देतो. जगात दोन तऱ्हेच्या अख्ख्या वस्तू असतात असं मी फार पूर्वीपासून मानत आलो आहे. काही एकत्र घडलेल्या असतात, काही एकत्र चालणाऱ्या. तानपुऱ्याचा भोपळा आणि दांडी एकमेकांसाठी घडलेले असतात. वेगळे केले तर दोन निर्जीव तुकडे उरतात. ज्या वस्तू नुसत्या एकत्र चालतात, त्यांचे भाग वेगळे होऊनही आपापलं काम करत राहतात. मित्र कन्सोलला दुसऱ्या प्रकारात ढकलत होता. माझं म्हणणं होतं की ते पहिल्या प्रकारातलं आहे.

माझा पुरावा असा होता. मॉड्यूल म्हणजे कन्सोल नाही. कन्सोलचं खरं काम मॉड्यूलच्या पलीकडे सुरू होतं, जिथे सगळ्या वाटा मिळतात. दोन-अडीच डझन चॅनेलांचे प्रवाह रोधांमधून एका सामायिक तारेवर येतात, तिथून त्यांची बेरीज करणाऱ्या अँप्लिफायरमध्ये शिरतात. कुठलं चॅनेल कुठल्या गटात जाणार, प्रतिध्वनीसाठी किती आवाज बाजूला काढायचा, गाणाऱ्याच्या कानात काय वाजायचं, हे सगळं त्या मधल्या जागेत ठरतं. कन्सोल कापणारे लोक आधी चॅनेल मॉड्यूलं काढतात. मग बेरजेच्या वाटेवरच्या 1272 क्रमांकाच्या अँप्लिफायरवर नजर जाते, कारण त्यात थोडा फेरफार केला की तोही माइक-अँप्लिफायर म्हणून विकता येतो. म्हणजे जो भाग दहा आवाजांना एकत्र आणण्यासाठी होता, तो एका माइकच्या सेवेला लागतो. मागे उरतो लोखंडाचा सांगाडा, हजारो तारांचा जुडगा आणि वाटा हव्या तशा जोडण्याची फळी, म्हणजे पॅचबे. तो भंगारात जातो. याला विध्वंस म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

उदाहरण म्हणून माझ्या मनात साउंड सिटी होतं. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या या स्टुडिओने 1973 साली नीव्ह 8028 कन्सोल घेतलं, तेव्हा त्याची किंमत 75 हजार डॉलरांच्या आसपास होती. फ्लीटवुड मॅक या बँडचं संगीत त्याच्यावर ध्वनिमुद्रित झालं, 1991 साली निर्वाणा या बँडचं 'नेव्हरमाइंड' त्याच्यावरच झालं. 2011 साली स्टुडिओचा व्यवसाय बंद झाला, तेव्हा निर्वाणाचा ड्रमवादक डेव्ह ग्रोल याने ते कन्सोल अख्खं विकत घेतलं, आपल्या स्टुडिओत नेऊन उभं केलं आणि 2013 साली त्यावर माहितीपटही आणला. मॉड्यूलं सुटी विकली असती तर प्रत्येकाला गिऱ्हाईक मिळालं असतं. ग्रोलने तसं होऊ दिलं नाही. वस्तूवर प्रेम करावं ते असं, असं मला वाटत आलं आहे.

पण हेच उदाहरण नीट तपासताना माझी अडचण झाली. साउंड सिटीच्या ध्वनिमुद्रणांबद्दल बोलताना जाणकार कन्सोलइतकंच त्या दालनाबद्दल बोलतात. ड्रमचा आवाज त्या भिंतींमध्ये जसा भरायचा तसा दुसरीकडे भरत नाही, असं सगळे सांगतात. ते दालन ग्रोलला उचलून नेता आलं नाही. नवी भिंत, नवं छत, नवे स्पीकर, नवे हात. मग जे अख्खं वाचलं असं मी म्हणत होतो, ते आधीच एका मोठ्या अख्ख्यातून काढलेलं मॉड्यूल नव्हतं का? कन्सोल त्याच्या खोलीपासून तोडलेलं चालतं, पण मॉड्यूल कन्सोलपासून तोडलेलं चालत नाही, ही सीमारेषा मी कुठून आणली? ती मला सोयीची होती, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल.

इथे थोडं वळण घेऊन परळला जातो, कारण हाताचा विषय निघाला आहे. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई ध्वनिमिश्रण करत. हिंदी-मराठीतले मोठे निर्माते तर त्यांच्याकडे येतच, पण सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शकही आपल्या चित्रपटांच्या मिश्रणासाठी मुंबईला त्यांच्याकडे येत. त्या काळातलं मिश्रण हे एक सादरीकरणच असे. पडद्यावर रीळ चालू आहे, संवाद, पार्श्वसंगीत, पावलं, दार, वारा असे वेगवेगळे ट्रॅक एकाच वेळी येत आहेत आणि बोटांनी ते वरखाली करत चित्राबरोबर चालायचं आहे. यंत्राला काहीच आठवत नाही. कुठल्या संवादाआधी वाद्यवृंद किती खाली आणायचा, कुठे शांतता किती वेळ धरायची, हे सगळं त्या माणसाच्या कानात आणि मनगटात साठवलेलं. रीळ संपलं की फेडर पुन्हा खाली येतात आणि टेबलावर त्या कामाची एकही खूण उरत नाही. फेडरच्या हालचाली लक्षात ठेवणारे संगणक कन्सोलना जोडले गेले ते सत्तरच्या दशकात. देसाईंसारख्या लोकांनी जे केलं त्यातलं यंत्र नंतर कुणी जपलं काय किंवा मोडलं काय, ज्या गोष्टीमुळे राय इतक्या लांबून येत होते ती त्या यंत्रात नव्हती. टेबलाचं अख्खेपण एक माणूस पुरं करत होता. हे मान्य केलं की कन्सोलचं अख्खेपण चौकटीच्या पत्र्यात शोधणं मला जमेनासं होतं.

मग मी उलट बाजूने विचार करून पाहिला. समजा, अख्खं कन्सोल कुणीतरी श्रद्धेने घेतलं. ते विकत घेणं हा सोपा भाग. त्याला थंड, कोरडी खोली हवी, सतत वीज हवी आणि दर काही महिन्यांनी हातात मीटर घेतलेला जाणता माणूस हवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर स्विच आणि जोडण्यांना फार सवड मिळत नाही. आणि ते नुसतं झाकून ठेवलं तर? इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची गंमत अशी की त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर वीज मिळत राहिली तरच नीट राहतो. वर्षानुवर्षं बंद राहिला की तो थर क्षीण होतो, मग कमी दाबाची वीज हळूहळू देत त्याला पुन्हा उभा करावा लागतो. स्विचचंही तसंच, फिरवत राहिलं तर संपर्क घासून स्वच्छ राहतात, न फिरवलं तर काळवंडतात. म्हणजे न वापरणं हे या यंत्राला वापरण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त महागात पडतं. 2017 साली न्यूयॉर्कला बॉनहॅम्सच्या लिलावात ॲबी रोड स्टुडिओतलं ईएमआयचं टीजी12345 कन्सोल 18 लाख डॉलरांवर गेलं. पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' त्याच्यावर झालं होतं. इतकी किंमत लागलेल्या वस्तूचा एखादा नॉब नवशिक्याला सहज फिरवू द्यायला मालकाचं मन किती मोठं लागेल! किंमत जितकी वाढते तितका वस्तूपासून हात लांब जातो, आणि हात लांब गेला की हे यंत्र आतून मरायला लागतं.

आता मित्राचं ते सुटं मॉड्यूल पाहू. ते एखाद्या लहान स्टुडिओच्या रॅकमध्ये बसतं. रोज सकाळी चालू होतं. गायिका बदलली, तबला आला, की त्याचा नॉब टक्‌ टक्‌ फिरतो. बिघडलं तर मालक लगेच दुरुस्त करतो, कारण त्याच्यावर त्याचं पोट आहे. नकाशा हाताशी असल्याने त्याचं सर्किट कितीतरी लोकांनी वाचलं, शिकलं, त्याच्या आवृत्त्या बनवल्या. ऐंशीच्या दशकात संगणकाची जोड असलेली नवी कन्सोल आली आणि जुनी नीव्ह कन्सोल अडगळ ठरू लागली, तेव्हा सुट्या मॉड्यूलला भाव होता म्हणून तरी कुणाला ती जपून काढावीशी वाटली. आणि एक गोष्ट मी सुरुवातीपासून पाहत होतो, पण तिचा अर्थ लावत नव्हतो. मॉड्यूलच्या मागे अनेक पिनांचं कनेक्टर आहे. ते कापणाऱ्यांनी लावलेलं नाही. नीव्ह यांनीच लावलं. ध्वनिमुद्रण चालू असताना एखादं चॅनेल बिघडलं, तर ते ओढून काढायचं, राखीव बसवायचं आणि काम पुढे न्यायचं, ही त्यामागची योजना होती. म्हणजे ज्याने बांधलं त्यानेच भाग सुटे होण्यासाठी बांधले. माझ्याच वर्गवारीप्रमाणे बोलायचं तर नीव्हचं कन्सोल एकत्र घडलेलं नाही, ते एकत्र चालणारं आहे. मित्राने ते योग्य कप्प्यात टाकलं होतं.

तरीही त्याच्याशी माझं एका ठिकाणी जमत नाही आणि ते ठिकाण लहान नाही. मॉड्यूल वाचतं, पण जोडणी वाचत नाही. तारांचा जुडगा कुणी विकत घेत नाही. कुठल्या ठिकाणी मूळ नकाशापेक्षा वेगळं जोडलं होतं, कुठल्या इंजिनिअरने कुठल्या कामासाठी एक जास्तीची वाट काढली होती, पॅचबेच्या कागदी पट्टीवर पेन्सिलने काय लिहिलं होतं, हे सगळं भंगाराच्या गाडीत चढतं. बिटल्सचं 'ॲबी रोड' 1969 साली ज्या दुसऱ्या, आधीच्या टीजी12345 कन्सोलवर झालं, त्याचं हेच झालं होतं. ते ॲबी रोड स्टुडिओचं पहिलंच ट्रान्झिस्टरवर चालणारं कन्सोल. त्याआधी तिथे व्हॉल्व्हची कन्सोल होती. काम संपल्यावर ते तिथून निघालं, त्याचे भाग विखुरले. आणि तरीही अनेक वर्षं खपून ते पुन्हा उभं करण्यात आलं आणि 2024 साली चालू स्थितीत विक्रीला आलं. विखुरलेल्या तुकड्यांतून ते उभं राहू शकलं, कारण ते कसं होतं याची जाण शिल्लक होती. ज्यांनी एकेकाळी त्याच्यावर हात चालवले अशी माणसं होती आणि त्यांना काय कुठे असायला हवं हे माहीत होतं. मोडलेलं कन्सोल परत जोडता येतं. विसरलेलं जोडता येत नाही.

म्हणून आज मी जे म्हणतो ते या लेखाच्या पहिल्या ओळी लिहिताना म्हणत नव्हतो. ज्याला कन्सोल रोज चालवायला, रोज बिघडवायला आणि रोज दुरुस्त करायला जमणार आहे, त्याने ते अख्खं घ्यावं. घेतल्यावर ते दुसऱ्यांच्या हातांसाठी मोकळं ठेवावं. ज्याला हे जमणार नाही, त्याने ते दिवाणखान्याची शोभा म्हणून घेऊ नये. ते मोडलेलं बरं. वापरात असलेली वीस मॉड्यूलं झाकून ठेवलेल्या एका टेबलापेक्षा नीव्ह यांच्या कामाशी जास्त प्रामाणिक आहेत, असं मी आता पूर्ण विचाराने म्हणतो. फक्त मोडणाऱ्यावर एक कर्तव्य आहे. पहिलं मॉड्यूल ओढण्याआधी प्रत्येक चॅनेल मोजायचं. बेरजेच्या तारेपासून पॅचबेपर्यंत प्रत्येक वाट कागदावर उतरवायची. पेन्सिलच्या खुणांचे फोटो काढायचे. त्या टेबलावर बसलेले रेकॉर्डिस्ट आणि त्यामागे वाकलेले तंत्रज्ञ हयात असतील, तर त्यांना समोर बसवून विचारायचं आणि ते ध्वनिमुद्रित करायचं. ही सगळी नोंद विक्रीच्या प्रत्येक भागाबरोबर द्यायची आणि एक प्रत जिथे ध्वनिमुद्रण शिकवलं जातं अशा संस्थेला.

याचा खर्च येईल, हे उघड आहे. पण जुनं कन्सोल घेणारे आणि विकणारे ट्रान्सफॉर्मरची किंमत काढतात, वाहतुकीची काढतात, कंडेन्सरचीही काढतात. जो माणूस मीटर धरून चॅनेल रांगेत आणतो, त्याच्याजवळ एखादा तरुण बसवण्याचा खर्च कुणीच धरत नाही. लॅमिंग्टन रोडवर, तपकीर गल्लीत, परदेशातल्या कार्यशाळांत सगळीकडे हे काम करणाऱ्यांचं वय वाढत चाललं आहे. पुनरुज्जीवनाच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम त्यांच्या शिष्यासाठी लिहिली पाहिजे. तो शिष्य तयार झाला तर कन्सोल अख्खं राहिलं की सुटं झालं हा प्रश्न दर पिढीला नव्याने सोडवता येईल. तो तयार झाला नाही, तर 18 लाख डॉलर मोजूनही हातात पत्र्याची पेटीच राहील.